येसाईचा हात

फार फार वर्षांपूर्वी, पाणखोल गावात सगळी घरं मातीची होती तेव्हा, तिथं येसाई नावाची बाई राहायची. भिंतीच्या पोटातली ओल तिच्या तळहाताला कळायची. पावसाळ्यात वरून कोरड्या खडखडीत दिसणाऱ्या भिंतीवर ती हात ठेवायची, मग गाल टेकवायची आणि म्हणायची, "भिंत रडतीय. भाईर निघा." घरधनी कुरकुरत का होईना, भांडीकुंडी उचलून निघायचा. एकदा तर शेवटची शेळी बाहेर आली आणि मागं भिंत बसली, असं म्हणतात.

येसाईची तीन मुलं दगावली होती. चौथी जगली. तिला दृष्ट लागू नये म्हणून नाव ठेवलं धोंडी. येसाईचा सगळा जीव त्या पोरीत होता.

धोंडीला बघायला पाहुणे येणार होते, त्या दिवशी आषाढाची झड लागलेली. येसाई शेजारच्या वाडीतल्या भिंती पाहून दुपारी घरी आली, तर पोरीनं माजघराची भिंत शेणानं सारवून ठेवलेली. बोटांचे अर्धगोल कसे एकसारखे उठले होते!

"आये, कशी झालीय?"

येसाईनं सवयीनं हात ठेवला. "ओली लागतीय गं."

"आत्ताच सारवलीय, ओली लागंलच की!" धोंडी हसली.

दुसऱ्याच्या घरी येसाईनं सारवण खरवडून आतली माती पाहिली असती. इथं तिला लेकीची नक्षी मोडवेना. ती अंगणात पाय धुवायला गेली. धोंडी भिंतीपाशी तांदूळ निवडत बसली. येसाईचा एकच पाय धुऊन झाला होता, तेवढ्यात मागं भिंत बसली.

त्या दिवसापासून येसाईचा तळहात वाळला नाही. चुलीपुढं धरला तरी ओलाच. लोक बोलवायचे, ती जायची, पण कुठल्याही भिंतीला हात लावला तरी तिला ओलच लागायची. "मला आता काय बी कळत न्हाई, बायांनो," म्हणून ती रडायची. त्या पावसाळ्यात गावातली आणखी दोन घरं पडली. कुणी तिला बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसलं नाही. ती गेली तेव्हा चितेत सगळं जळालं, तो एक हात तेवढा ओला राहिला, असं म्हणतात.

पाणखोलमध्ये आता सिमेंटची घरं आहेत. तरी सारवताना म्हणा, रंग देताना म्हणा, बाया माजघराच्या भिंतीवर हाताएवढी जागा कोरी सोडतात. तिला येसाईचा हात म्हणतात. आषाढात लेक माहेरी आली की आई आधी तिथं तळहात टेकवते, आणि मगच लेकीला भिंतीशी बसू देते.