कुंकू लावलेल्या फरशा

टेकडीच्या पायथ्याशी, पिवळ्याधमक रानफुलांच्या कुशीत, एक इवलंसं घर होतं. त्यात सोनकी आणि तिची आई राहायच्या. आई केरसुण्या बांधून विकायची. घरातली न्हाणी शेवाळाने हिरवी, निसरडी. तिथेच घसरून आईचा हात मोडला होता. हात बरा झाल्यावर वर्षभर केरसुण्या विकून तिने निळ्याशार फरशा आणल्या. आधी खोलीला लावायच्या आणि उरतील त्या न्हाणीला.

काम सुरू होताना आईने पहिल्या फरशीला कुंकू लावलं.

"बाकीच्या रुसतील ना, आई!" म्हणत सोनकीने एकूण एक फरशीच्या पाठीवर कुंकवाचा चिमुकला ठिपका लावला.

खोली झाली, चकाकली. पण भिकोबा गवंडी उरलेल्या फरशा आपल्या बैलगाडीत चढवू लागला.

"अहो गवंडीदादा, त्या न्हाणीसाठी आहेत," आई म्हणाली.

"उरलं ते गवंड्याचं, वहिनी. रीतच आहे."

"कुणी पाडली ही रीत?" सोनकीने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"माझ्या आज्याने!" भिकोबा हसला. "जा, भातुकली खेळ."

सोनकी पाय आपटत मागच्या अंगणात गेली. तिथे गुलबक्षीच्या झुडपाखाली भिकोबाने फुटक्या फरशांचा ढीग टाकला होता. दुपार कलली होती, गुलबक्षी एकेक पाकळी उघडत होती. तेवढ्यात ढिगातून चिमणीएवढा आवाज आला, "अगं, माझा पंख!"

एका तुकड्याखाली बोटभर परी अडकली होती. गुलाबी झगा, दवासारखे लुकलुकते डोळे. सोनकीने अलगद तुकडा उचलला, फुंकर घालून पंखावरची धूळ उडवली.

"गुणाची गं तू," परी म्हणाली. "एक मागणं माग. पण माझे दोन नियम आहेत. मागायचं ते सगळ्यांसमोर, मान खाली न घालता. आणि फक्त तुझं असेल तेच. दुसऱ्याचा कण जरी घेतलास, तरी तुझ्याही वस्तूंची माती होईल."

सोनकी धावत गाडीसमोर जाऊन उभी राहिली. तिने हाका मारल्या तसे शेजारीपाजारी जमले. तिने मान ताठ ठेवली.

"या फरशांतलं आमचं असेल ते आम्हाला दिसू दे!" ती मोठ्याने म्हणाली.

गाडीत लखलखाट झाला. धुळीने पुसलेले ठिपके माणकांसारखे लाल पेटले. एक, दोन, तीन... नऊ फरशा! तीन मात्र मुक्या राहिल्या.

भिकोबाने घाम पुसला, वाकून हळूच म्हणाला, "न्हाणीला बारा लागतात ना गं? या तीन पण घे. फक्त गप्प बस."

सोनकीने न्हाणीकडे पाहिलं. मग आईच्या वाकड्या जुळलेल्या हाताकडे पाहिलं. तीन फरशा कमी पडल्या, तर आई पुन्हा घसरेल. तिचे डोळे भरून आले.

"नाही घेणार!" ती ओरडली. "या कुणाच्या, काका?"

भिकोबाने नजर चुकवली. "पलीकडच्या माळ्याच्या घरच्या... उरलेल्या."

"मग त्यांना देऊन या. आणि आमच्या खाली उतरवा. अलगद हं, फुटायच्या!"

लोक खदखदून हसले. माळीकाका तर टाळ्याच वाजवू लागले. भिकोबाने मुकाट्याने एकेक फरशी उतरवली.

"पण तीन कमीच की," आई पुटपुटली.

"कमी कशा?" परी गाडीच्या दांडीवर बसून म्हणाली. "फुटलेलं टाकताना तुम्हाला विचारलं होतं का कुणी? ते तुकडेही तुमचेच!"

गुलबक्षीखालचा ढीग चमचमत उठला. तुकडे भुरभुर उडत न्हाणीत शिरले, एकमेकांना बिलगले आणि न्हाणीच्या मधोमध तीन फरशांएवढं निळं फूल उमललं. भोवती नऊ फरशा जाऊन बसल्या. गुलबक्षीचा रंग आभाळभर झाला, त्या गुलाबी उजेडात परी हसली आणि उजेडच होऊन गेली.

तेव्हापासून कुणाच्याही घरचं काम संपलं की भिकोबा दारात उभा राहून विचारतो, "वहिनी, उरलेलं कुठे ठेवू?"

आणि सोनकीची आई त्या निळ्या फुलावर पाय घट्ट रोवून उभी राहते.