कातडी पांघरलेली जहाजे

रोमची जहाजे नवनवे किनारे जिंकत निघाली होती, त्या फार फार जुन्या काळी निळ्या समुद्रात काही बेटे होती. तिथली माणसे गोफणीत मोठी पटाईत. लहान पोरसुद्धा उडते पाखरू अचूक टिपायचे. आजवर जे जहाज लुटायला आले, ते धोंड्यांचा मार खाऊन परतले होते.

त्यांतल्या धाकट्या बेटावर एक कोळीण राहत असे. एकदा मासे विकायला ती दूरच्या बंदरात गेली, आणि पाहते तो काय! रोमची पन्नास जहाजे उभी, आणि शिपाई त्यांच्यावर बैलांची जाडजूड कातडी ताणून बसवताहेत! कशासाठी, ते तिने चटकन ओळखले. माशांची पाटी तिथेच टाकून तिने होडी सोडली. दोन दिवस वल्हवून हातांना फोड आले, तेव्हा कुठे ती थोरल्या बेटाच्या नायकापुढे पोहोचली.

"नायक, रोमवाले येताहेत! जहाजांना कातडी लावलीय त्यांनी. आपले धोंडे आता त्यांना लागायचे नाहीत. काहीतरी दुसरं योजा!"

नायक हसला. "बाई, माझ्या आजाच्या वेळेपासून हेच धोंडे शत्रूला पळवताहेत. तू आपले मासे सांभाळ."

जमलेले लोकही खो खो हसले. तिला रडू फुटले, पण रडत बसायला वेळ कुठे होता? ती तडक आपल्या बेटावर गेली. तिथल्या वडीलधाऱ्या आजीने मात्र सारे शांतपणे ऐकून घेतले.

"माणसं कातड्याआड लपतील," आजी म्हणाली. "मग उघडं काय राहील गं?"

"सुकाणू!" कोळीण ओरडली. "आजी, सुकाणू उघडं राहील!"

तीन दिवस साऱ्या बेटाने लाटांवर ओंडके सोडून नेमाचा सराव केला.

चौथ्या दिवशी आरमार आले. थोरल्या बेटाने धोंड्यांचा पाऊस पाडला. थप! थप! धोंडे कातड्यावर आपटून पाण्यात पडले. दुपारपर्यंत नायकाचे हात बांधले गेले होते.

मग जहाजे धाकट्या बेटाकडे वळली. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना खडक, आणि खडकांआड दबा धरलेले गोफणवाले.

"थांबा," कोळीण म्हणाली. "अजून थांबा... आता हाणा!"

दोनशे गोफणी गरगरल्या. पहिल्या जहाजाचे सुकाणू ताडकन मोडले, आणि ते आडवे होऊन खडकावर चढले. दुसरे त्याच्यावर आदळले, तिसरे दुसऱ्यावर! एकच हलकल्लोळ उडाला. अखेर रोमच्या सेनापतीने बोलणी करायला दूत धाडला.

कोळीण त्याला म्हणाली, "तुमच्याशी जन्मभर लढण्याइतकी माणसं आमच्याकडे नाहीत, हे आम्ही जाणतो. तुमचं राज्य मानू. पण इथला कारभार आमचा आम्ही पाहू, आणि आमचं एकही माणूस तुमच्या लढायांवर जाणार नाही."

दूताने निरोप पोहोचवला तेव्हा सेनापतीने फुटलेल्या जहाजांकडे पाहिले आणि अटी कबूल केल्या.

थोरल्या बेटावर मात्र रोमचा सुभेदार बसला. त्याने घरटी एक गोफणवाला परमुलखातल्या लढायांवर नेला. नायकाच्या घरातून तर दोन्ही मुलगे नेले. किनाऱ्यावर उभा राहून तो भेटायला आलेल्या कोळिणीला म्हणाला, "पोरी, तू सांगितलं होतंस." तिने त्याचा हात धरला.

म्हणून बाळांनो, थोरांनो, ध्यानात ठेवा: कालच्या विजयाच्या घमेंडीत जो आजचा इशारा हसण्यावारी नेतो, त्याचे कौशल्य ऐनवेळी त्याला वाचवू शकत नाही.