नौबतीआधीची रात्र

नौबत वाजेपर्यंत दाईनं बाळराजांना सोडून जायचं नाही आणि महाराज परतल्याशिवाय नौबत वाजवायची नाही! करंजगडच्या राजे भुजंगरावांनी हा हुकूम काढला आणि सगुणा दाईची पंचाईत झाली.

पूर्वी नौबत सूर्य मावळताच वाजायची. दीड वर्षाच्या बाळराजांना सांभाळायची सगुणाची वेळ तिथं संपायची. पण महाराज आणि राणीसाहेब रोज जलमहालात सोंगट्या खेळायला जात आणि डाव रंगला की परतायला चार-चार घटका उशीर करत. म्हणून सगुणानं वरच्या वेळेचे पैसे मागितले, घटकेला एक आणा. महाराजांनी पैसे दिले नाहीत, नौबतच पुढे ढकलली! सूर्यसुद्धा आपल्याच पगारावर आहे, असं वाटत असावं त्यांना.

"आता सांग, कुठं झाला उशीर?" महाराजांनी मिशीवर ताव दिला.

"महाराज, अंधार पडतो, बाळराजे माझ्या मांडीवर झोपून जातात..."

"झोपलेलं पोर सांभाळायला काय लागतं गं? नुसतं बसायचं! आणि पैसे कसले मागतेस? तू तर आमच्या घरचीच!"

"इथं घरची झाले आणि माझ्या घरी जाणं राहिलं, महाराज! माझी तीन वर्षांची पोर शेजारच्या आत्याबाईंकडे असते. उशीर झाला की मी त्यांना रोज मापटंभर ज्वारी देते. त्यांचे कष्ट आहेत, द्यायलाच हवी. पण आता मडकं रिकामं झालंय. परवापासून त्या पोरीला ठेवणार नाहीत. तिला कुठं टाकू?"

राणीसाहेबांनी मान खाली घातली. महाराजांनी नाही घातली.

"मग सिद्ध कर! नौबतीआधीच रात्र झाली होती, असं या राज्यातल्या एका तरी अधिकारी माणसाच्या तोंडून वदवून घे. थकलेली मजुरी दुप्पट देईन. उद्यापर्यंत जमलं नाही, तर पैशाचं नाव काढायचं नाही!"

सगुणानं त्याच संध्याकाळी वाड्याच्या सज्जात दिवाणजींना गाठलं. बाहेर मिट्ट काळोख होता. दिवाणजींनी तो नीट न्याहाळला आणि म्हणाले, "काय लख्ख ऊन पडलंय!" कोतवाल हातात पेटती दिवटी घेऊन चालले होते. ते म्हणाले, "भर दुपार आहे, बाई. सावलीला बस."

आता दाद मागायची तरी कुणाकडे? दाद मागायची म्हणताच सगुणाला करंजगडची जुनी रीत आठवली. नौबत होईपर्यंत कुणीही फिर्याद घेऊन आलं, तर राजानं असेल तिथं ती ऐकायची. गादीवर बसताना प्रत्येक राजा तशी शपथ घेई. त्या रात्री घरी जाताना सगुणा गल्लीतल्या दारादारांत थांबली.

दुसऱ्या दिवशी अंधार पडला, जलमहालात डाव ऐन रंगात आला. महाराजांची एकच सोंगटी घरात जायची राहिली होती. फासे मुठीत खुळखुळले, तेवढ्यात दारातून हाक आली, "फिर्याद आहे, महाराज!"

कोष्ट्याचं सूत शेजाऱ्याच्या शेळीनं खाल्लं होतं. महाराजांनी निवाडा केला आणि फासे उचलले. लगेच दोन भाऊ पुढे झाले. शेवग्याचं झाड एकाच्या परसात, शेंगा दुसऱ्याच्या! तोही निवाडा झाला. मग तेलीणबाई आली. तिची फिर्याद नवऱ्याच्या घोरण्याबद्दल होती.

"अजून किती आहेत?" महाराज ओरडले.

"सदतीस. रांग घाटापर्यंत गेलीय, महाराज," तेलीणबाईनं सांगितलं.

"अरे, ही काय वेळ झाली? रात्र झाली, रात्र! उद्या या!"

गर्दी बाजूला झाली. मागं सगुणा उभी होती आणि तिच्या खांद्यावर बाळराजे गाढ झोपले होते.

"रात्र झाली असं कोण म्हणालं, महाराज?"

"मी म्हणालो!" महाराज गरजले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

"आपल्याहून अधिकारी माणूस मी कुठून आणू?"

"मी... मी शब्द मागं घेतो!"

"घ्या की! म्हणजे अजून दिवस आहे. सदतीस फिर्यादी उरल्यात!"

राणीसाहेबांना हसू आवरेना. महाराजांनी कपाळ पुसलं आणि फर्मावलं, "वाजवा रे नौबत!"

गडावर नौबत दणाणली. सगुणानं बाळराजांना अलगद महाराजांच्या मांडीवर ठेवलं. "नौबत झाली, माझी वेळ संपली. आपला डाव चालू द्या."

महाराजांनी फाशांकडे हात नेला, बाळ कुरकुरलं. हात मागं घेतला, बाळ शांत. उजवा हात बाळाच्या मानेखाली अडकला. मग नाकावर डास बसला. अर्धी घटका झाली, पायाला मुंग्या आल्या.

"सगुणे, घे गं याला!"

"झोपलेलं पोर सांभाळायला काय लागतं, महाराज? नुसतं बसायचं!"

महाराजांना असं गडगडून हसू फुटलं की बाळराजे दचकून जागे झाले आणि त्यांनी भोकाड पसरलं.

"कबूल, कबूल! घटकेला एक आणा!"

"तो झोपलेल्या बाळाचा भाव होता, महाराज. जाग्याचे दोन आणे!"

महाराज पुन्हा पोट धरून हसले. "दोन तर दोन! पण आजच्या दिवस तू घरी जा, तुझी पोर वाट बघत असेल."

राणीसाहेबांनी बाळाला घेतलं. थकलेली मजुरी दुप्पट मोजून मिळाली, नौबत पुन्हा सूर्यास्ताला बांधली गेली आणि सगुणा महाराजांच्या छकड्यात बसून घरी निघाली. छकड्यात ज्वारीचं एक भरलेलं पोतंही होतं, आत्याबाईंसाठी.