झुपकीचा बदाम रांजणात पडला

ऐका हं. शेपटी पोटाशी घेऊन बसा. शेपटी नाही? बरं, मग नुसते पाय घ्या पोटाशी.

एक होती खार. तिचं नाव झुपकी. खार इतकीशी आणि शेपटी एवढी मोठी. त्या शेपटीचा तिला भारी तोरा. रोज चाटायची, रोज फुलवायची, वळून वळून बघायची.

झुपकीला भाऊ झाला. त्याचं नाव टिल्लू. टिल्लू नुसता रडायचा. चीं चीं चीं. आईने थोपटलं तरी चीं चीं चीं. झुपकीने गाणं म्हटलं तर आणखीच चीं चीं चीं.

चिंचेच्या झाडावर त्यांचं घर. आणि चिंचेखाली आज दिवाळीचा हाट. सगळं कसं हातांनी केलेलं. मातीच्या पणत्या आणि मोठाले रांजण होते. बांबूच्या टोपल्या होत्या. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत्या. लाकडाच्या बाहुल्या होत्या. आणि बाहुल्यांच्या शेजारी होता एक लाल खुळखुळा. एकच.

आई म्हणाली, जा, टिल्लूला तो खुळखुळा आण. झुपकीने तोंडात एक बदाम धरला. बदाम द्यायचा, खुळखुळा घ्यायचा.

तुरुतुरु, टुण. तुरुतुरु, टुण. झुपकी रांजणांच्या काठावरून निघाली. समोर खुळखुळा दिसला. आनंदाने ती म्हणाली, "अय्या."

आता तोंडात बदाम असताना कुणी अय्या म्हणतं का? झुपकीने म्हटलं. टुप्प. गडगडगड. बदाम गेला रांजणात.

झुपकीने आत डोकावलं. आत काळोख. भिंती गुळगुळीत. उतरलं तर वर कसं यायचं? वरून आवाज येतच होता. चीं चीं चीं.

रांजण होता दगडूमामांचा. दगडूमामा मडकी घडवायचे. झुपकी त्यांच्यापाशी गेली.

"मामा, मामा, रांजण हलवा.
बदाम निघेना,
खुळखुळा मिळेना,
टिल्लूचं रडू थांबेना."

दगडूमामांनी मान हलवली. सकाळपासून लोक येत होते, बघत होते, येताना घेऊ म्हणून पुढे जात होते. एकही पणती खपली नव्हती. दिवसातली पहिली विक्री म्हणजे भवानी. हाट उठेपर्यंत भवानी झाल्याशिवाय मांडलेलं मडकं हलवायचं नाही, ही मामांची रीत. अगदी आज्यापासूनची.

"माझी भवानी व्हायची आहे," मामा म्हणाले. "चांगुणाकाकूंना पणती घ्यायला सांग. मग हलवीन रांजण. पण लवकर. टेम्पो आला की रांजणात पेंढा कोंबायचा आणि पुढच्या गावाला जायचं."

लांब, गावाबाहेर टेम्पो वाजला. पों पों.

झुपकी पळाली. तुरुतुरु, टुण. चांगुणाकाकू टोपल्या विणत होत्या.

"काकू, काकू, पणती घ्या.
पणती खपेना,
रांजण हलेना,
बदाम निघेना,
खुळखुळा मिळेना,
टिल्लूचं रडू थांबेना."

काकूंनी मान हलवली. त्यांची एकही टोपली खपली नव्हती. रिकाम्या हातांनी खरेदी कशी करायची?

"माझी भवानी व्हायची आहे," काकू म्हणाल्या. "अनशीमावशीला टोपली घ्यायला सांग. मग घेईन पणती."

पुलावर टेम्पो वाजला. पों पों. ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं.

झुपकी पळाली. तुरुतुरु, टुण. अनशीमावशी गोधडीला टाके घालत होती.

"मावशी, मावशी, टोपली घे.
टोपली खपेना,
पणती खपेना,
रांजण हलेना,
बदाम निघेना,
खुळखुळा मिळेना,
टिल्लूचं रडू थांबेना."

मावशीने मान हलवली. तोंडात दोरा होता, तो काढला आणि पुन्हा हलवली.

"माझी भवानी व्हायची आहे," मावशी म्हणाली. "धोंडूआजोबांना गोधडी घ्यायला सांग. मग घेईन टोपली."

शाळेपाशी टेम्पो वाजला. पों पों पों.

झुपकी पळाली. तुरुतुरु, टुण. धोंडूआजोबा बाहुल्या मांडून बसले होते. लाल खुळखुळासुद्धा त्यांच्याच पुढ्यात. इतका जवळ, की झुपकीचा पंजा पोचला असता. पण न देता घ्यायचं नाही, हे खारीलाही कळतं बरं का.

"आजोबा, आजोबा, गोधडी घ्या.
गोधडी खपेना,
टोपली खपेना,
पणती खपेना,
रांजण हलेना,
बदाम निघेना,
खुळखुळा मिळेना,
टिल्लूचं रडू थांबेना."

आजोबांनी मान हलवली. त्यांचीही भवानी व्हायची होती. घ्या. सगळा हाट एकमेकांची वाट बघत बसलेला.

आजोबांनी एक बाहुली उचलून दाखवली. लुगडं हिरवं. कुंकू ठसठशीत. पण डोळेच नाहीत. आजोबांचा बारीक कुंचला सकाळीच मोडला होता. लाल रिबिनीची एक मुलगी दोनदा आली, दोनदा तिने बाहुली उचलली आणि डोळे नाहीत म्हणून दोनदा खाली ठेवली.

"मग दुसरा कुंचला आणा," झुपकी म्हणाली.

"तो विकत मिळत नाही," आजोबा म्हणाले. "तो खारीच्या शेपटीच्या केसांचा असतो."

झुपकीने पटकन शेपटी पाठीमागे लपवली.

आजोबांनी केस मागितलेच नाहीत. ते बाहुल्या गोणीत भरायला लागले. एक भरली. दुसरी भरली. मग त्यांनी खुळखुळा उचलला.

पों पों पों पों. टेम्पो हाटात आला. दगडूमामांनी पेंढा हातात घेतला. वरून आवाज आला, चीं चीं चीं. टिल्लूचा घसा बसला होता.

झुपकीने शेपटी पुढे घेतली. फुलवली. एकदा बघून घेतली. मग डोळे घट्ट मिटले.

"घ्या, आजोबा," ती म्हणाली. "पण टोकाचे घ्या आणि लवकर घ्या."

चट. चट. चट. दुखलं. खूप दुखलं. झुपकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आजोबांनी केस काडीला बांधले. कुंचला काळ्या रंगात बुडवला. टिक, एक डोळा. टिक, दुसरा डोळा. बाहुलीने बघितलं.

कुणाकडे बघितलं? लाल रिबिनीच्या मुलीकडे. ती तिसऱ्यांदा आली होती. तिने बाहुली उचलली ती खाली ठेवलीच नाही. तिच्या आईने आजोबांच्या हातात नाणं ठेवलं. आजोबांनी नाणं कपाळाला लावलं. झाली भवानी.

मग काय विचारता.

आजोबांनी गोधडी घेतली. मावशीची भवानी झाली.
मावशीने टोपली घेतली. काकूंची भवानी झाली.
काकूंनी पणती घेतली. मामांची भवानी झाली.

पण मामांच्या हातातला पेंढा? तो रांजणाच्या तोंडाशी पोचला होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. काकू पणती उंच धरून म्हणाल्या, "दगडूभाऊ, थांबा."

मामा थांबले. पेंढा बाहेर काढला आणि रांजण आडवा केला.

गडगडगड. टुप्प. बदाम झुपकीच्या पायाशी.

झुपकीने बदाम तोंडात धरला. तुरुतुरु, टुण. या खेपेला ती अय्या म्हणाली नाही. काही म्हणजे काही म्हणाली नाही. थेट आजोबांपुढे गेली आणि बदाम ठेवला.

आजोबांनी बदाम परत तिच्याकडे सरकवला.

"खुळखुळ्याचं मोल तू केव्हाच दिलंस," ते म्हणाले आणि लाल खुळखुळा तिच्या पंजात दिला.

झुपकी चिंचेवर चढली. तोंडात बदाम, काखेत खुळखुळा. वर टिल्लू रडत होता. चीं चीं चीं.

खुळुक.

टिल्लू थांबला.

खुळुक खुळुक. टिल्लू हसला.

बाहुली खपली,
गोधडी खपली,
टोपली खपली,
पणती खपली,
रांजण हलला,
बदाम निघाला,
खुळखुळा मिळाला,
टिल्लूचं रडू थांबलं.

टिल्लूने एका मुठीत खुळखुळा धरला. दुसऱ्या मुठीत धरलं झुपकीच्या शेपटीचं टोक. तेच, बोडकं झालेलं. ते धरून तो झोपून गेला. मग झुपकीही हलली नाही. शेपटी सोडवून घ्यायची तिला मुळी इच्छाच नव्हती.

आणि बदाम? तो आईने फोडला. अर्धा झुपकीला, अर्धा आईला. टिल्लूला अजून दात कुठे आलेत?

खुळुक खुळुक. आता तुम्हीही पाय सोडा आणि पांघरूण घ्या.