उललेले पाय

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. पण माणसं तुमच्याआमच्यासारखीच होती आणि थंडीही अशीच पडायची, म्हणून सांगतो. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

त्या गावात एक शेतकरी होता. माणूस कष्टाळू आणि सरळ. दुसऱ्याच्या बांधाला त्यानं कधी हात लावला नाही. फक्त एक खोड होती. आपण कधी चुकत नाही, अशी त्याची पक्की खात्री होती. अशा माणसाच्या घरात नांदणं सोपं नसतं, हे त्याच्या बायकोला विचारावं. त्यांना दोन मुलं होती, सात वर्षांची सगुणा आणि कायम तिच्या मागे मागे फिरणारा पाच वर्षांचा केरू.

हिवाळ्यात त्यांचा दिवस उजाडता उजाडता सुरू व्हायचा. आई चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवायची आणि मुलांना शेताच्या कडेला रचलेल्या तुराट्या जळणाला आणायला पिटाळायची. मुलं कुडकुडत जायची, नाकं पुसत यायची. मग ऊन ऊन पाणी, बाजरीची भाकरी आणि दिवसभर अनवाणी हुंदडणं. दिवेलागणीला आई पळीत करडईचं तेल कोमट करायची आणि मुलांना चुलीपुढे बसवून त्यांचे थंडीनं भेगा पडून उललेले पाय चोळायची. त्या थंडीत ज्याचे पाय उलले नाहीत असं एकही पोर गावात नव्हतं.

त्या साली शेतकऱ्याचा हरभरा असा काही फुलला, की येणारा जाणारा थबकून बघायचा. त्यातला सगळ्यात चांगला तुकडा त्यानं बियाण्यासाठी राखला.

"या तुकड्यातला एक घाटाबी कुणी तोडायचा नाही," त्यानं घरात बजावलं. "जो शिरंल त्याचं पाय मोडीन."

शेजारच्या रिकाम्या तुकड्यात त्यानं एका धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढ्यांच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळायचं आणि त्या बदल्यात धनगराला धान्य मिळायचं, अशी रीतच होती. धनगराबरोबर त्याची बायको होती आणि बिरू नावाचा मुलगा होता, केरूच्याच वयाचा. चार दिवसांत तिन्ही पोरांची गट्टी जमली.

आणि मग एका सकाळी शेतकऱ्याला बियाण्याच्या तुकड्यात झाडं ओरबाडलेली दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी आणखी. ओल्या मातीत पावलं उमटलेली होती, अनवाणी आणि इवली इवली.

आता हे लक्षात घ्या, की हरभऱ्याच्या पानांवर रात्रीतून दवासारखी आंब धरते. ती आंबट तर असतेच, पण उललेल्या पायांच्या भेगांत गेली की आग आग होते आणि भेगांच्या कडा लालबुंद होतात. हे शेतकऱ्याला ठाऊक होतं. त्याला एवढंच ठाऊक होतं आणि तेवढं पुरेसं आहे असं त्याला वाटलं.

गावाच्या वेशीजवळ रोज सकाळी शेकोटी पेटायची. गावातली माणसं तिथं हात शेकायची, पोरं माणसांच्या मधून घुसायची. त्या दिवशी धनगरही बिरूला घेऊन तिथं आला होता. शेतकरी तरातरा आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या हरभऱ्यात चोर शिरतोय. लहान पोर हाय. दवात हरभऱ्यात शिरलेल्याचं पाय लपत नाहीत."

एवढं बोलून त्यानं काय करावं? त्यानं बिरूचा पाय धरला आणि वर उचलून लोकांना दाखवला. पाय उललेला होता, भेगा लाल होत्या, एकीतून रक्तही आलं होतं.

"बघा! आणखी काय पुरावा पायजे?"

बिरू एका पायावर लटपटत उभा होता. काय चाललंय हे त्याला कळत नव्हतं. आपल्याकडे बघून सगळे हसताहेत एवढंच त्याला कळलं आणि तोही आधी थोडा हसला. मग कुणीतरी पोर ओरडलं, "हरभरेचोर!" तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं.

"मालक," धनगर म्हणाला, "पोराचं पाय थंडीनं उललंत. माळामाळानं चालतं ते माझ्यासंगट."

"चोराचा बाप दुसरं काय सांगणार?"

धनगर पोराला खांद्यावर घेऊन निघून गेला आणि दुपारपर्यंत मेंढ्या, घोडं, बिऱ्हाड सगळं हलवून ओढ्यापलीकडच्या उघड्या टेकाडावर गेला. केरू आणि सगुणा शेकोटीपाशीच होती. ती दोघं कुणाकडेच बघत नव्हती, पण त्यांच्याकडे तरी कोण बघतंय!

त्या संध्याकाळी आईनं पळीत तेल कोमट केलं. त्या दिवशी दोन्ही पोरांनी अंघोळ चुकवली होती, आणि आता केरू पाय पुढे करीना. आईनं ओढून घेतला, तेलाचा हात लावला, तसा तो किंचाळला. भेगांच्या कडा लालबुंद होत्या, ती लाली आईला इतके दिवस थंडीचीच वाटली होती, पण आज बोटांच्या बेचक्यात हरभऱ्याचा चुरडलेला पाला होता. आईनं मग सगुणाचे पाय बघितले. तेही तसेच. तुराट्या आणायला गेलेली पोरं येता येता घाटे खाऊन येत होती. हिरवा हरभरा तो, पोरांची जात, त्यात नवल ते काय?

शेतकरी समोरच भाकरी खात बसला होता. हातातला घास हातातच राहिला.

आईनं एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता ह्ये पाय घिऊन वेशीवर जाता का?"

त्याला वर बघवेना. मग तो सगुणाला म्हणाला, "तू तिथंच हुतीस. मग बोलली का नाहीस?"

सगुणा रडत रडत म्हणाली, "बोलले असते तर तुमी माझा पायबी असाच धरून समद्यांना दावला असता, आबा."

मुलांनो, बापाला याहून मोठी थप्पड नसते. चूक आपली आहे हे त्याला आत्ताच कळलं होतं. पण आपली लेक आपल्याला इतकी भिते, की तिनं स्वतःच्या मित्राला चोर ठरू दिलं, हे कळल्यावर त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुसऱ्या दिवशी टोपलीत पायलीभर ज्वारी आणि गुळाची ढेप घेऊन तो टेकाडावर गेला. मुद्दाम दुपारची वेळ बघून गेला, वाटेत कुणी भेटू नये म्हणून. उघड्यावर वारा सोसाट्याचा होता. बिरू उन्हाला बसला होता. शेतकऱ्याला बघताच त्यानं घाईघाईनं दोन्ही पाय घोंगडीखाली ओढून घेतले.

ते बघून शेतकरी खाली बसला आणि म्हणाला, "लेकरा, माझं चुकलं. तू चोर न्हाईस."

बिरूनं त्याच्याकडे नीट बघितलं.

"मग ह्ये त्यास्नी सांगा," तो म्हणाला. "त्या शेकुटीवरल्यास्नी. ती पोरं मला हरभरेचोर म्हणत्यात."

धनगर मेंढीच्या पायातला काटा काढत होता. त्यानं मान वर केली नाही, की ज्वारीला हात लावला नाही.

"उद्याच सांगतो," शेतकरी म्हणाला आणि टोपली तिथंच ठेवून परतला.

दुसऱ्या सकाळी तो वेशीवर गेला. अगदी ठरवून गेला. पण तो पोहोचताच गावचा म्हातारा कारभारी म्हणाला, "ये, बस. तू चोर बरा हुडकलास हां! असली नजर पायजे." लोकांनी सरकून त्याला ऊब लागेल अशी जागा दिली. तो बसला. हात शेकले. आणि काहीही न बोलता घरी आला.

दारातच सगुणानं विचारलं, "आबा, सांगितलं?"

"उद्या," तो म्हणाला.

उद्या आला. त्या दिवशी शेकोटीवर पाहुणे होते. पाहुण्यांसमोर घरची अब्रू कशी काढायची? शिवाय पोरं आपलीच, उद्या त्यांना लोक नावं ठेवतील. माणसाला बोलायचं नसलं की कारणांना तोटा नसतो. सगुणानं पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, उद्या.

तिसऱ्या दिवशी तो तसाच घरी आला, तर सगुणा दारात होती, पण तिनं विचारलंच नाही. ती बाजूला झाली आणि त्याला वाट दिली. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. हे असंच असतं, हे असंच चालतं, हे ती शिकत होती. आणि शिकवणारा तो होता.

तो दारातूनच मागे फिरला. दोन्ही पोरांची बोटं धरली आणि वेशीवर गेला. शेकोटी अजून विझली नव्हती, माणसं उठायच्या बेतात होती.

"बसा जरा," तो म्हणाला. "हरभरा माझ्याच पोरांनी खाल्ला. धनगराच्या पोराचा काडीचा दोष न्हवता. म्या न विचारता त्याचा पाय धरला. चोर ठरवायची घाई मला झाली हुती. आन् चार दिवस झालं, मला खरं ठाऊक हाय, तरी गप बसलो. थुंका माझ्या तोंडावर."

कुणी थुंकलं नाही. कुणी हसलंही नाही. ज्यांनी त्या दिवशी हसून घेतलं होतं ते आता विस्तवाकडे बघत बसले, आणि 'हरभरेचोर' म्हणून ओरडणारं ते पोर आपल्या बापाच्या पाठीमागे लपलं. सगुणाचं तोंड लाल झालं होतं, पण तिनं बापाचं बोट सोडलं नाही.

मग तिघं टेकाडाकडे पळत सुटली. बिरूला घेऊन यायचं, त्याला शेकोटीपाशी सगळ्यांच्या मधोमध बसवायचं आणि त्याच्यादेखत हे सगळं पुन्हा सांगायचं, असं शेतकऱ्यानं ठरवलं होतं. वाटेत केरूनं बिरूला द्यायला सदऱ्याच्या ओच्यात घाटे घेतले. या खेपेला बापाला विचारून.

टेकाड रिकामं होतं. ज्वारीची टोपली होती तशीच, गुळाला मुंगळे लागलेले. खाली गवत कापणारी एक बाई म्हणाली, "धनगर व्हय? ते काल सकाळीच हलले. फुडं दोन वाटा फुटत्यात. कंची धरली, कुणास ठावं."

शेतकरी एका वाटेनं दिवसभर चालला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेनं. धनगर काही भेटला नाही.

त्यानंतर किती तरी हिवाळे आले. दर हिवाळ्यात गावावरून मेंढ्या जायच्या आणि दर धनगराला तो वाट अडवून विचारायचा, "बिरू नावाचं पोर ठावं हाय का? आता मोठं झालं आसंल." कुणाला ठाऊक नव्हतं. गावात बिरूच्या नावाला लागलेला डाग कधीच पुसला गेला होता. पण कुठल्यातरी माळावर एक मुलगा मोठा होत होता आणि त्या गावात आपल्याला अजून चोर म्हणतात, असंच तो समजत होता. शेतकरी म्हातारा झाला तरी थंडी पडली की हे त्याच्या मनात यायचं आणि शेकोटीपाशी बसलेला तो हळूच मान खाली घालायचा.

तात्पर्य : ज्याची अब्रू चारचौघांत घेतली, त्याची माफी चारचौघांतच मागावी, आणि ती उद्यावर टाकू नये.