घंटा नको, बांध

मलाच का सांगायला लावता दर वेळी? घसा बसलाय, आणि तुम्ही निम्मे जण जांभया देणार. बसा आता. मधे बोलायचं नाही.

तुमच्या आज्याचा आजाही जन्मला नव्हता, तेव्हाची गोष्ट. या खाडीवर पोशा नाखवा होडी चालवायचा. गावाचा बांध तडकला होता आणि अमावास्येचं उधाण तोंडावर आलं होतं. पाणी आत शिरलं असतं, तर शेतं, घरं, गोडी विहीर, सगळं खारट झालं असतं. हुकूम द्यायचा तो संस्थानच्या कारभाऱ्यांनी. म्हणून अख्खा गाव कचेरीत गेला. एकाला सारा माफ हवा, एकाला रस्ता, एकाला देवळाला घंटा. बांधाचं नाव सगळ्यात शेवटी. कारभाऱ्यांनी हसत घंटा दिली, आणि हे येडे ती वाजवत परत आले!

पोशाची बायको म्हणाली, "आता बुडताना वाजवा."

पोशाला ते झोंबलं. तो कारभाऱ्यांना ओळखून होता. चारचौघांत कुणी मागितलं की ते हट्टाला पेटायचे. होडीत एकटे असले की त्यालाच विचारायचे, यंदा मासळी कशी काय. दुसऱ्या दिवशी ते पलीकडं जायला निघाले. गावचे पुढारीही चढायला लागले. पोशानं वल्हं आडवं धरलं.

"एक तोंड पुरे."

भरती चढत होती. पोशानं होडी बांधाला लावली.

"इकडं कुठं? बुडवतोस की काय रे?"

"बुडवायचं असतं तर मघाशीच खोल पाणी होतं, सरकार. या भेगेत हात घाला."

कारभाऱ्यांनी हात घातला. पाण्यानं तो कोपरापर्यंत ओढून घेतला. निघेचना. बांधापलीकडं, पाण्याच्याही खालच्या अंगाला, धूर दिसत होता.

"ती आमची चूल," पोशा म्हणाला.

तेव्हा खाडी थांबली, असं म्हणतात. कारभारी काय बोलतात ते ऐकायला भरती जागच्या जागी उभी राहिली.

"बांधतो," ते म्हणाले, आणि हात सुटला. "आणखी काय हवं तुला?"

पोशाची होडी गळत होती. जीभ वळवळली त्याची.

"काही नाही. बांध. उधाणाच्या आत."

माणसं आली, माती आली. उधाण आलं तेव्हा एवढीशी भेग उरली होती. तिथं पोशा पाठ लावून बसला. पाणी त्याच्या खांद्याला टेकलं आणि माघारी फिरलं, असं म्हणतात.

अजूनही कुणी साहेब आला, की चहाच्या आधी त्याचा हात बांधाच्या पाण्यात घालतात. मग पोशाचं वल्हं ज्याच्या हाती, तोच बोलतो. मागणं एकच.

गेल्या खेपेला वल्हं माझ्या हाती होतं. बांधाच्या उघाडीला, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीला, नवं दार मागत होतो. जुन्यातून खारं पाणी आत येतंय. तेवढ्यात मागून एकजण ओरडला, "साहेब, सभामंडपाला पत्रे!" पत्रे आले. दार गळतंय ते गळतंयच. माझं घर त्याला चांगलं ठाऊक आहे, पण माफी मागायला अजून फिरकला नाही तो जनार्दन भोपी.