गगनगर्ज महाराजांचा उडता किल्ला

आभाळ संपलं असं आपल्याला वाटतं ना, त्याच्याही पुष्कळ पलीकडे चिमणी नावाचा एक इवलासा ग्रह होता. तिथली माती जांभळी, झरे चंदेरी आणि फुलपाखरं पिवळीधम्मक. एके दिवशी गगनगर्ज महाराजांचा उडता किल्ला आला आणि बरोब्बर सूर्याच्या आड उभा राहिला. महाराजांना सूर्य जवळून बघायचा होता म्हणे. खाली लोक कुडकुडतायत हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ते हसले असते.

तिथल्या मघा नावाच्या मुलीच्या आईबाबांना महाराजांनी किल्ल्यावर कामाला नेलं होतं. घरात उरली मघा आणि तिचा तान्हा भाऊ पुष्य. पुष्यचे चिमुकले ओठ निळे पडायला लागले, तेव्हा त्याला पाठीशी बांधून मघा डोंगरामागच्या बागेत काटक्या शोधायला गेली.

तिथे एका निळ्याशार फुलात परी बसली होती. तिचे पंख दवासारखे लुकलुकत होते.

"परीताई, माझ्या भावाला ऊब हवीय गं," मघा म्हणाली.

"देईन हं," परी म्हणाली. "पण आधी, जिची लाज वाटते अशी आपली एक गोष्ट मोठ्याने सांगायची. आणि सांगताना खोटं बोललं, तर माझ्याकडून आजवर मिळालेलं सगळं परत जातं."

मघाने खूप आठवून पाहिलं. लाज वाटावी असं तिने अजून काही केलंच नव्हतं. परीला हसू आलं. तिने पुष्यच्या गालावर हळूच फुंकर घातली, तशी त्याच्या ओठांवर जराशी लाली आली. "ही ऊब थोडाच वेळ पुरेल. आठवलं की ये, मी इथेच आहे."

वाटेत मघाला महाराजांचा पहारेकरी भेटला. त्याच्या हातात लालचुटूक, गुबगुबीत दुलई होती. "पोरी, परी कुठे राहते ते सांग, ही दुलई तुझी."

मघाने पुष्यकडे पाहिलं. तोंडाने ती काहीच बोलली नाही. नुसतं बोट दाखवलं.

दुलईत पुष्य गाढ झोपला. मघाला मात्र घास गिळवेना. आपण सांगितलं कुठे, नुसतं बोट तर दाखवलं, असं ती मनाशी म्हणायची आणि म्हटलं की आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी सोनेरी जिना खाली सोडला आणि आपला पराक्रम बघायला सगळ्यांना वर बोलावलं. दरबारात परीला साखळदंडांनी बांधून ठेवलं होतं. तिचे नाजूक पंख चुरगळले होते. गर्दीत आईबाबा दिसले, पण मघाला त्यांच्याकडे धावत जाववेना.

"हा सूर्य माझ्या मुकुटात बसव," महाराज गरजले.

परीने त्यांनाही तोच नियम सांगितला. महाराज खो खो हसले. "लाज? आणि मला?"

पुष्यला छातीशी धरून मघा पुढे झाली.

"परीताईची बाग मीच दाखवली," ती म्हणाली. "तिने माझ्या भावाला ऊब दिली होती. आणि एका दुलईसाठी मी तिला धरून दिलं. मला खूप लाज वाटते." आई हे ऐकत होती, तेच सगळ्यात कठीण होतं. "परीताई, तू सुटावीस, एवढंच हवंय मला."

साखळदंड गळून पडले आणि त्यांची गुलाबी फुलं झाली.

महाराजांना ते फार झोंबलं. एवढीशी पोर मागते काय आणि तिला मिळतं काय.

"महाराज, अजून काही बिघडलेलं नाही," परी म्हणाली. "काहीच बोलला नाहीत, तर किल्ला तुमचाच राहील."

पण महाराज कुणाचं ऐकतील तर ना. त्यांनी छाती फुगवली. "माझ्या हातून जन्मात काही चुकलेलं नाही. हा किल्लासुद्धा मी एकट्याने, याच हातांनी बांधला. आता आण तो सूर्य."

परीने डोळे मिटले. "फार वर्षांपूर्वी एक उपाशी मुलगा माझ्या बागेत रडत आला होता. हा किल्ला त्याने माझ्याकडून मागून घेतला होता."

किल्ला आपणच बांधला असं सांगून सांगून महाराजांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं, आणि परीच्या बागेची वाटही ते विसरले होते. किल्ल्याला मात्र सगळं आठवत होतं. तो हलके हलके खाली आला, जांभळ्या मातीला टेकला आणि धुकं होऊन विरून गेला. कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही. मागून लख्ख, सोनेरी, कोवळं ऊन सांडलं आणि पुष्य डोळे मिचकावत हसला.

मघाची मान खालीच होती. "परीताई, तुला दुखलं का गं?"

"दुखलं," परी म्हणाली. मग तिने मघाची हनुवटी वर उचलली. "पण आपली चूक सांगायला तू स्वतः पुढे आलीस. जा, आई वाट बघतेय."

बोलता बोलता परी सोनेरी झाली, मग आणखी सोनेरी, आणि शेवटी उन्हातच मिसळून गेली.

लोक नाचत गात घरी निघाले. एका दगडावर महाराज बसले होते. मुकुट नव्हता, अंगावर ठिगळांचा सदरा होता. मघा थबकली. कुणाकडेही न बघता महाराज पुटपुटले, "किल्ला मी बांधला नव्हता."

परी तर निघून गेली होती. आता खरं बोलून त्यांना काहीच मिळणार नव्हतं.

"मी ऐकलं, आजोबा," मघा म्हणाली आणि त्यांच्याशेजारी उन्हात जाऊन बसली.